हजेरी घ्यायला निघालेलं पट्टेरी विमान

मित्रांनो, तुमच्या वर्गाची हजेरी घ्यायला बाईंना किती वेळ लागतो? फार तर पाच मिनिटं! सगळे आपापल्या बाकावर बसलेले असतात, प्रत्येकाचा नंबर ठरलेला असतो. बाई पुकारतात, आपण ‘हजर’ म्हणतो, की झालं काम.

आता जरा गंमत करू. समजा, तुमच्या वर्गाला भिंतीच नाहीत. वर्ग जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढा मोठा आहे. मुलं चाळीस-पन्नास नाहीत, लाखो आहेत. ती एका जागी बसत नाहीत, सारखी चालत असतात. त्यांना नावं नाहीत, नंबर नाहीत, आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून सिंह आणि तरस फिरताहेत. घ्या बघू आता हजेरी! कशी घ्याल?

हसू नका हं. अशी हजेरी घ्यायला एक वडील आणि त्यांचा मुलगा खरोखरच निघाले होते. मोटारीतून नव्हे, पायी नव्हे, तर एका छोट्याशा विमानातून. त्या विमानाला त्यांनी झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवून घेतले होते. ही हजेरी घेता घेता त्या मुलाचा जीव गेला. तेव्हा तो फक्त २४ वर्षांचा होता. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

न संपणारं मैदान

आफ्रिकेच्या नकाशात पूर्वेकडे टांझानिया हा देश शोधा. त्याच्या उत्तरेला, केनियाच्या सीमेला लागून, सेरेंगेटी नावाचा गवताळ प्रदेश आहे. हे नाव मसाई लोकांच्या भाषेतल्या एका शब्दावरून आलं असं सांगतात. त्याचा अर्थ ‘न संपणारं मैदान’. नजर पोचेल तिथपर्यंत गवतच गवत!

या मैदानातले वाइल्डबीस्ट म्हणजे मोठे गमतीदार प्राणी. तोंड गाईसारखं, दाढी बोकडासारखी, आणि मानेवर घोड्यासारखी आयाळ. पण ते आहेत हरणांच्या नातेवाइकांपैकी. त्यांच्या जोडीला झेब्रे आणि छोटी गॅझेल हरणं असतात. पावसाळ्यात हे सगळे दक्षिणेकडच्या मैदानात असतात. तिथलं कोवळं गवत खाऊन, साधारण फेब्रुवारीत पिलांना जन्म देऊन, पाऊस संपला की ते वायव्येकडे निघतात. मग उत्तरेला मारा नदी ओलांडून केनियात जातात आणि नोव्हेंबरच्या सुमाराला पुन्हा दक्षिणेकडे परततात. आपल्याकडे मेंढपाळ धनगर आपले कळप घेऊन वर्षभर गवत-पाण्यामागे फिरतात ना, तसंच. फक्त इथे कळप हाकणारं कुणी नाही.

आता १९५० नंतरच्या काळात जाऊ. टांझानिया तेव्हा स्वतंत्र नव्हता. त्याच्या मुख्य भूमीला टांगानिका म्हणत आणि तिथे इंग्रजांचा कारभार होता. सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान होतं, पण तिथे मसाई लोकही आपली गुरं घेऊन राहत होते. जमीन कुणाची? गुरांची की रानटी प्राण्यांची? यावर वाद सुरू झाला. सरकारने ठरवलं, उद्यानाच्या सीमा बदलायच्या आणि पूर्वेकडचा मोठा भाग उद्यानातून काढून टाकायचा.

सीमा नकाशावर पेन्सिलीने आखता येते. पण वाइल्डबीस्टना नकाशा कुठे वाचता येतो? ते कुठल्या वाटेने जातात, किती आहेत, वर्षाचे किती महिने कुठे असतात, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं!

बाप-लेक पायलट होतात

इकडे जर्मनीत फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते डॉ. बर्नहार्ड ग्झिमेक. त्यांचा मुलगा मिखाएल याला वडिलांसारखंच प्राण्यांचं वेड. शिवाय त्याला सिनेमाचा कॅमेरा हाताळायची भारी हौस. दोघांनी मिळून आफ्रिकेतल्या प्राण्यांवर एक चित्रपट काढला. १९५६ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि चित्रपटाने पैसाही चांगला मिळवून दिला.

या पैशाचं काय केलं असेल? मोटार घेतली? बंगला बांधला? छे! त्यांनी टांगानिकातल्या उद्यानांच्या संचालकांना कळवलं, “या पैशातून सेरेंगेटीसाठी जमीन विकत घ्यायची आमची इच्छा आहे.”

संचालकांनी मोठं शहाणपणाचं उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा, की जमीन घेण्याआधी प्राणी किती आहेत आणि ते कुठे जातात ते शोधून काढा. आज त्याचीच जास्त गरज आहे.

पटलं दोघांना. पण एवढ्या मोठ्या मैदानात मोजणी करायची तर ती आकाशातूनच. मग काय, बाप-लेक दोघंही विमान चालवायला शिकले. वडिलांचं वय तेव्हा ४८ वर्षांचं! आपल्या बाबांनी या वयात दप्तर भरून शाळेत जायचं ठरवलं तर कसं वाटेल, विचार करा.

त्यांनी डॉर्निअर २७ हे एका इंजिनाचं छोटं विमान घेतलं. (आपल्या तटरक्षक दलाकडे जी डॉर्निअर विमानं आहेत, त्यांचा मूळ आराखडा याच कंपनीचा.) या विमानाचे पंख खिडक्यांच्या वरच्या बाजूला होते, त्यामुळे खाली बघताना मध्ये काही येत नसे. ते अगदी सावकाश उडू शकत असे आणि लहानशा सपाट जागेवर उतरू शकत असे. त्याच्या नोंदणीची अक्षरं जुळवली की जर्मन भाषेत ‘एन्टे’, म्हणजे बदक, असा शब्द तयार होई. झेब्र्याच्या कातडीतलं बदक! डिसेंबर १९५७ मध्ये हे बदक दोघांना घेऊन जर्मनीहून निघालं आणि सुमारे १०,००० किलोमीटरचा प्रवास करून आफ्रिकेत पोचलं.

उडत उडत मोजायचं कसं?

हे समजायला एक प्रयोग करा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. ताईला किंवा दादाला त्यावर दोन मुठी मूग टाकायला सांगा. तुम्ही फक्त पाच सेकंद बघायचं, मग पाठ फिरवायची आणि आकडा सांगायचा. आता सगळे मूग एकेक करून मोजा. चुकलात ना? बहुतेक जण खऱ्यापेक्षा कमीच आकडा सांगतात.

आता दुसऱ्यांदा करा. या वेळी वर्तमानपत्रावर पट्टीने सारख्या अंतरावर रेघा मारा. एकेक पट्टा बघत जा, आणि मूग दहा-दहाच्या गटांत मोजा. उत्तर खऱ्याच्या पुष्कळ जवळ येईल.

ग्झिमेक बाप-लेकांनी हेच केलं. सगळ्या मैदानाचे मनातल्या मनात पट्टे पाडले. शेतकरी नांगरताना जसा एक तास संपला की वळून शेजारचं तास धरतो, तसं विमान एका सरळ रेषेत जाई, वळे आणि शेजारच्या रेषेने परत येई. खिडकीशी बसलेला माणूस खालचे कळप मोजत राही. याशिवाय त्यांनी काही प्राणी पकडून त्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे बांधले आणि सोडून दिले, म्हणजे पुढे तोच प्राणी कुठे दिसतो ते वरून ओळखता यावं. कुठलं गवत कुठे उगवतं, तेही तपासलं.

ऐकायला सोपं वाटतं, पण हे काम धोक्याचं असतं बरं का! प्रवासी विमान ढगांच्याही वर उडतं. तिथे काही बिघडलं तर पायलटला विचार करायला, विमान सावरायला वेळ मिळतो. मोजणीचं विमान मात्र खाली, झाडांपासून फार उंच नाही, असं उडतं, कारण प्राणी दिसायला हवेत. समजा, विमानाचा वेग ताशी १५० किलोमीटर आहे. म्हणजे ते एका सेकंदात सुमारे ४२ मीटर जातं, क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांपेक्षा जरा जास्तच! आणि १०० मीटर उंचीवरून एखादी वस्तू पडली तर ती साडेचार सेकंदांत जमिनीवर येते. साडेचार सेकंद म्हणजे किती, ते घड्याळात बघा. तेवढ्या वेळात चूक कळायला हवी आणि दुरुस्तही व्हायला हवी.

१० जानेवारी १९५९

मोजणी पुरी झाली. एकूण आकडा आला ३,६६,९८० मोठे प्राणी. त्यात वाइल्डबीस्ट होते ९९,४८१. वाटाही हळूहळू कळू लागल्या. त्यावरून दिसलं ते काळजीचं होतं. सरकारने आखलेली नवी सीमा एकीकडे आणि प्राण्यांची वाट दुसरीकडे! वर्षातले कित्येक महिने हे कळप नव्या सीमेच्या बाहेरच असणार होते. चित्रपटाचं कामही चालू होतं.

१० जानेवारी १९५९ या दिवशी मिखाएल एकटाच विमान घेऊन निघाला होता. वडील बरोबर नव्हते. वाटेत एक मोठं गिधाड विमानाच्या उजव्या पंखावर आदळलं.

एक पक्षी विमानाला काय करणार, असं वाटतं ना? चला, गणित करू. मोठं गिधाड सात-आठ किलोचं असतं. ताशी १५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ते आदळलं, तर बसणारा दणका हा तेवढंच वजन सुमारे ९० मीटरवरून, म्हणजे तीस मजली इमारतीच्या गच्चीवरून पडल्यासारखा असतो. छोट्या विमानाचा पंख पातळ पत्र्याचा. तो चेपला गेला. आतून जाणाऱ्या, विमान वळवायच्या तारा त्यात अडकल्या. विमान एका बाजूला वळत वळत खाली आलं आणि जमिनीवर कोसळलं. मिखाएल त्यातच गेला.

यात त्याची काही चूक नव्हती. गिधाडाची तर नव्हतीच नव्हती. ते बिचारं आपल्या आकाशात, आपल्या वाटेने चाललं होतं.

गोरोंगोरो नावाचं एक मोठं जुनं ज्वालामुखीचं विवर सेरेंगेटीच्या शेजारी आहे. त्याच्या काठावर, जिथून खाली कळप चरताना दिसतात, तिथे मिखाएलला पुरलं. तिथे दगडांचं एक साधं स्मारक आहे.

वडिलांनी काय केलं?

मुलांनो, एवढा मोठा आघात झाल्यावर कुणीही म्हणालं असतं, “नको ते विमान आणि नको ती मोजणी.” डॉ. ग्झिमेक यांनी तसं म्हटलं नाही. मुलाने अर्धवट सोडलेला चित्रपट त्यांनी पूर्ण केला, पुस्तकही लिहिलं. दोन्हींचं नाव एकच होतं, ‘सेरेंगेटी मरता कामा नये’. एप्रिल १९६० मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. पुस्तक अनेक भाषांत गेलं आणि जगभरातल्या लोकांना सेरेंगेटी हे नाव माहीत झालं.

मग सरकारने सीमा बदलायचं सोडून दिलं का? नाही. १९५९ सालीच गोरोंगोरोचा भाग उद्यानातून वेगळा झाला. तिथे मसाई लोकांनी राहावं असं ठरलं, आणि सेरेंगेटीत राहणाऱ्या मसाईंना मात्र आपली घरं सोडून निघावं लागलं. उत्तरेकडची जमीन उद्यानाला जोडली गेली. राष्ट्रीय उद्यानात माणसांची वस्ती नको, असं डॉ. ग्झिमेक यांचं ठाम मत होतं. आज बरेच लोक विचारतात, की पिढ्यान् पिढ्या तिथे गुरं चारणाऱ्या माणसांना उठवणं कितपत बरोबर होतं? प्राण्यांना वाचवायचं, पण माणसांवर अन्याय होऊ द्यायचा नाही, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. घरी आई-बाबांशी यावर जरूर बोला. त्यांचीही मतं वेगवेगळी निघतील!

चुकलेली बेरीज

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मिखाएलने जीव धोक्यात घालून केलेली ती मोजणी चुकली होती!

हो, अगदी खरं. १९६१ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी विमानातून मोजणी केली, तेव्हा वाइल्डबीस्टची संख्या दोन लाखांच्या वर निघाली. एवढ्या थोड्या काळात एवढे वाढणं शक्यच नाही. म्हणजे पहिल्या खेपेला बरेचसे नजरेतून सुटले होते. मुगाचा प्रयोग आठवतोय ना?

मग ती मेहनत फुकट गेली म्हणायची? मुळीच नाही. पहिल्या मोजणीनंतर दुसरी झाली, तिसरी झाली. डोळ्यांनी मोजण्याऐवजी विमानातून फोटो काढायची आणि मग टेबलावर बसून भिंगाखाली एकेक ठिपका मोजायची पद्धत आली. वर्षामागून वर्षं हजेरी होऊ लागली, आणि एक आश्चर्य दिसलं. वाइल्डबीस्ट भराभर वाढत होते! १९७७ पर्यंत ते तेरा लाखांच्या आसपास पोचले.

हे कशामुळे झालं? उत्तर आपल्या शेतकरी आजोबांना विचारलंत तर त्यांना एक नाव आठवेल, ‘बुळकांडी’. गुरांचा हा भयंकर साथीचा रोग आपल्याकडेही होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पूर्व आफ्रिकेत शिरला आणि गुरांबरोबर वाइल्डबीस्टनाही मारू लागला. पुढे सेरेंगेटीच्या आजूबाजूच्या गुरांना लस टोचली गेली, तेव्हा गुरं वाचलीच, पण रानातले वाइल्डबीस्टही वाचले. गाईला टोचलेली सुई रानातल्या प्राण्याला उपयोगी पडली! २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. पण हे नातं लक्षात कसं आलं? मोजत राहिल्यामुळेच.

आजही हजेरी संपलेली नाही. आता उपग्रहाने काढलेल्या चित्रांत संगणकाकडून वाइल्डबीस्ट शोधले जातात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका मोजणीत सहा लाखांपेक्षाही कमी वाइल्डबीस्ट दिसले. बाकीचे गेले, की झाडांखाली लपले, की आधीचे आकडे जास्त होते? शास्त्रज्ञ पुन्हा वह्या उघडून बसले आहेत. एक मात्र चांगलं आहे, उपग्रहाला गिधाड आदळत नाही. पायलटचा जीव धोक्यात न घालताही आता पुष्कळ काम होऊ शकतं.

आणि ते गिधाड?

गोष्ट संपवण्याआधी त्या गिधाडाकडे परत जाऊ. मिखाएलच्या काळात आफ्रिकेत आणि आपल्याकडेही गिधाडं इतकी होती, की त्यांची हजेरी कोण घेणार? पण आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूरला १९८०च्या दशकात गिधाडं मोजून ठेवली होती. १९९०च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली, तेव्हा ती झपाट्याने कमी झालेली दिसली. जुना आकडा वहीत होता म्हणूनच हे कळलं! पुढे कारणही सापडलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. २००६ साली भारतात जनावरांसाठी ते औषध बंद झालं. तोवर आपली नेहमीची गिधाडं शंभरातली पंच्याण्णवपेक्षाही जास्त नाहीशी झाली होती. आज आफ्रिकेतल्या मोठ्या गिधाडांच्या काही जातीही नष्ट होण्याच्या काठावर आहेत. ज्या पक्ष्याच्या धडकेने मिखाएल गेला, त्याच्याच भाऊबंदांची हजेरी आता घ्यावी लागते.

डॉ. ग्झिमेक १९८७ साली वारले. त्यांच्या अस्थी जर्मनीतून आफ्रिकेत नेल्या आणि गोरोंगोरोच्या काठावर, मिखाएलच्या शेजारी ठेवल्या. २८ वर्षांनी बाप-लेक पुन्हा एकत्र आले.

आपल्याकडे वैशाख महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, जंगलातल्या पाणवठ्यांजवळ मचाणावर बसून चांदण्यात प्राणी मोजतात. रात्रभर जागायचं, बोलायचं नाही, दिसेल तेवढंच लिहायचं, न दिसलेलं लिहायचं नाही. मोठे झालात की एखाद्या वर्षी जरूर जा. आणि वहीत आकडा लिहिताना त्या पट्टेरी विमानाची आठवण ठेवा. तुमचा आकडा कदाचित थोडा चुकेलही. चुकू दे. तुमच्यानंतर येणारा तो दुरुस्त करील. पण दुरुस्त करायला आधी कुणीतरी लिहिलेला तर हवा ना!